तन्मण्याचा गोंडा

भीती म्हटलं की लोकांना साप आठवतो, गणिताचा पेपर आठवतो, एखादा मारकुटा मास्तर आठवतो. मला बोटभर लांबीचा, तेलानं काळा पडलेला रेशमी गोंडा आठवतो. केस पांढरे व्हायला लागले, दोन ऑपरेशनं झाली, नवऱ्याच्या दुखण्यात दवाखान्याच्या बाकावर महिना काढला, पण सतराव्या वर्षी त्या आठवड्यात जी घाबरले तशी पुन्हा कधी घाबरले नाही. हसू नका. मी जन्माची भित्री, आणि भित्र्या माणसाच्या हातूनच नको ते घडतं.

आम्ही रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा रेल्वेच्या ऑफिसात बाबू. आणि घराणं विचाराल तर, अहो, भोसल्यांच्या सुभ्याबरोबर नागपुराहून घोड्यावर बसून आलेलं! घोडे गेले, गावं गेली, तलवार होती ती कुठल्याशा काकांनी लग्नाच्या वरातीत हरवली. उरलं काय, तर भिंतीवर एका पागोटेवाल्या पूर्वजाचं चित्र, बाबांची ताठ मान आणि लोखंडी आलमारीतला तन्मणी. दिवसभर मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आपटायचे, त्या धक्क्यानं पूर्वज चित्रात वाकडे व्हायचे आणि बाबा संध्याकाळी घरी आले की आधी त्यांना सरळ करायचे, मग चहा. उरला गावाकडून वारा सुटला की दोरीवरच्या कपड्यांवर कारखान्यांची काळी भुकटी बसायची. आई कपडे दोनदा झटकायची आणि छत्तीसगढीत कारखान्यांना काहीतरी म्हणायची, ते मी इथे लिहीत नाही. नवीन राज्य नुकतंच झालं होतं. आमचं सुस्त शहर राजधानी झालं होतं आणि लाल दिव्याच्या गाड्या गायींना हॉर्न देत फिरत होत्या. गायी हलायच्या नाहीत.

तन्मणी म्हणजे मोत्यांचे तीन सर आणि मध्ये पाचूचं खोड, म्हणजे पदक. मोती पिवळसर झाले होते, एक पाचू निखळून तिथे हिरवी काच बसवली होती, तरी तो बाहेर काढला की घरात सगळे हळू बोलायचे. वर्षातून एकदाच निघायचा, भाद्रपदात, महालक्ष्म्यांना. ज्येष्ठा आणि कनिष्ठा उभ्या राहिल्या, वर फुलोरा टांगला, सोळा भाज्यांचा वास स्वयंपाकघरातून रुळांपर्यंत गेला, की जेवणाच्या दिवशी आई तन्मणी ज्येष्ठेच्या गळ्यात घालायची आणि घालताना ज्यांच्या ज्यांच्या गळ्यात तो होता त्या बायकांची नावं घ्यायची. उमाबाई, गोदावरीबाई, सगुणाबाई, यशोदाबाई, द्वारकाबाई, सुमतीबाई. उमाबाईंना तो नागपूरच्या राणीसाहेबांनी दिला, सगुणाबाईंनी दुष्काळात सगळं विकलं पण हा विकला नाही, यशोदाबाई विधवा झाल्या त्याच दिवशी त्यांनी तो उतरवून सुनेच्या ओटीत टाकला, असं सांगायचे. सुमतीबाई म्हणजे माझी आजी, बाबांची आई. मी पाच वर्षांची असताना ती गेली. आई तिच्या नावापाशी थांबायची. स्वतःचं नाव घ्यायची नाही. मला वाटायचं, लाजते.

माझी आई मराठी नव्हती. धमतरीकडच्या खेड्यातली, छत्तीसगढी घरातली. बाबांनी तिच्याशी लग्न केलं तेव्हा आजी तीन दिवस जेवली नाही आणि पुढे बारा वर्षं तिच्याशी थेट बोलली नाही. 'तिला सांग, मीठ जास्त झालं,' असं मधल्या भिंतीला उद्देशून. आई मराठी शिकली, पुरण शिकली, ज्वारीची आंबील शिकली, आजीचे पाय चेपले, आणि हट्टानं वर्षातून एकदा ठेठरी-खुरमी तळली, ती आजी भिंतीच्या आडून खायची. आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात. आईचं सुनंदा ठेवलं. बाबा तिला 'ऐक ना' म्हणायचे आणि मला तिचं माहेरचं नाव माहीतही नव्हतं. विचारावंसं वाटलं नाही, हे लिहिताना आता लाज वाटते.

त्या वर्षी मोठ्या काकू आल्या. बाबांचे थोरले काका फार पूर्वी भोपाळला नोकरीला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची बायको म्हणजे बाबांची मोठी काकू, माझ्या तोंडी भोपाळच्या आजी. राज्याची वाटणी झाली तशी अधिकाऱ्यांचीही झाली, आणि त्यांचा मुलगा आमच्या वाट्याला आला. तेलीबांध्याला तळ्याजवळ त्यांना मोठा फ्लॅट मिळाला. एका रविवारी बाबा भेटून आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. 'काकू म्हणते, थोरली पाती परत आली. तन्मणी थोरल्या सुनेचा असते. महालक्ष्म्यांना येऊन राहिली, म्हणे पाहूनच सांगीन,' ते म्हणाले. आई वाटाणे सोलत होती. तिचे हात थांबले. 'काय पाहणार?' तिनं विचारलं. बाबा म्हणाले, 'काय म्हाईत.' मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आई घाबरलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

आता माझी करणी ऐका. तिजाच्या सणाला, आपल्या हरतालिकेला, छत्तीसगढी भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. आजीच्या काळात आईला कधी धाडलं नाही, महालक्ष्म्यांची साफसफाई कोण करणार म्हणून, आणि आजीनंतर आई स्वतःच जायची नाही. त्या वर्षी मामा आला, म्हणाला, 'दीदी, अम्मा अब ज्यादा दिन नहीं है,' आणि ती गेली. जाताना किल्ल्या माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा ऑफिसात, मी एकटी. मनात आलं, तन्मणी आता तेलीबांध्याला जाणार. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, गळ्यात घालून पाहू. आमच्यात लेकींनी तो घालायचा नसतो. लेक परक्या घरची, तिला त्याच्याबद्दल काही सांगतही नाहीत. मी आरशासमोर उभी राहिले, मान उंच केली, बाबांसारखी, आणि तेवढ्यात बाहेर मालगाडीचा डबा आपटला. मी दचकले, हात आवळला गेला आणि सर तुटला.

मोती कुठे कुठे गेले म्हणून सांगू! पलंगाखाली, मोरीच्या तोंडाशी, एक तर पूर्वजांच्या चित्राखालच्या चपलेत. मी गुडघ्यांवर रांगत, रडत, एकेक स्टीलच्या वाटीत टाकत होते आणि प्रत्येक मोती टिण्ण करून वाजत होता. मोरीची जाळी काढून आत हात घातला. सगळे मिळाले की नाही हे कळायला मार्गच नव्हता, कारण किती होते ते मला कोण सांगणार? तोंड धुतलं, वाटीतलं सगळं रुमालात बांधलं आणि सायकल काढून गोल बाजार गाठला.

दागिने गुंफणारा पटवा तिथे भांडीवाल्यांच्या गल्लीत बसायचा, बाबांच्या ओळखीचा. पायाच्या अंगठ्याला धागा अडकवून दातांनी गाठ ओढायचा. त्यानं रुमाल उघडला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. 'परसों ले जाना बिटिया.' परवा गेले तर तन्मणी असा झाला होता की मला ओळखू येईना. सर सारखे, मोती पुसलेले, आणि मागे लालभडक नवा गोंडा, जरीचा. 'पुराना तो सड़ गया था, नया डाल दिया. देख, कैसा चमक रहा है!' तो म्हणाला. मी तर खूशच झाले. चला, कोणाला कळणार नाही, उलट छान दिसतोय! अगं बाई, किती मूर्ख होते मी.

त्याच संध्याकाळी आई परतली. बाबा पुन्हा तेलीबांध्याला जाऊन आले होते. मी भात लावत होते आणि बाहेर बाबा आईला सांगत होते. 'काकू गोंडा पाहणार आहे. गाठी मोजणार. मले आत्ता कळलं, मले आई इतकंच सांगे की पटव्याकडं नेला तर त्याले म्हणायचं, गोंड्याले हात लावू नको. बायकांचं काम हाय, माणसानं पाहू नये. मीबी कधी पाहिलं नाही.' मग त्यांनी सांगितलं ते असं. सून आली आणि सासूला तिला तन्मणी द्यावासा वाटला, की सुनेच्या लग्नातल्या शालूच्या पदराचा एक धागा काढायचा आणि सासूनं आपल्या हातानं त्याची गाठ गोंड्यात बांधायची. जिची गाठ, तिचा तन्मणी. ना कागद, ना साक्षीदार. उमाबाईंपासून आजीपर्यंत सहा गाठी. 'अन् सातवी तुही,' बाबा म्हणाले. 'आईनं बांधली ना? मंग कायची भीती? दाखवून देऊ.'

'हव,' आई आपल्या बोलीत हो म्हणाली.

मी पातेल्यावरचं झाकण तसंच हातात धरून उभी राहिले. वाफेनं बोटं भाजली, ते नंतर कळलं. दोनशे वर्षांच्या बायका मी गोल बाजारात कचऱ्यात टाकून आले होते, आणि त्यांच्यासोबत माझ्या आईची गाठही. भोपाळच्या आजी नवा लाल गोंडा पाहतील आणि म्हणतील, ह्या बाईनं पुरावा नाहीसा केला. चोर म्हणतील. सगळ्यांदेखत, महालक्ष्म्यांसमोर. बारा वर्षं भिंतीला सांगून जिच्याशी बोलले त्या बाईला आता हे! त्या जेवणात मी काय खाल्लं ते आठवत नाही. आईनं विचारलं, 'का होगे नोनी, ताप आहे का?' तिनं कपाळाला हात लावला आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी ताट उचललं आणि मोरीत घासायला बसले.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी पटव्याच्या फळीवर जाऊन बसले. तो आला, मी बोलण्याआधीच रडले. 'अरे अरे, सुहाग का धागा हम फेंकते थोड़ी हैं,' तो म्हणाला. 'गणेश विसर्जन के दिन तालाब में जाता है.' त्यानं मागून कापडी पिशवी काढून चटईवर उलटी केली. काळे, लाल, हिरवे, कुजके, शे-दोनशे जुने धागे! त्यात माझा कोणता? मी एकेक उचलत होते आणि पटवा प्रत्येकाला नाही, नाही म्हणत होता. आधीच तळ्यात गेला असता तर? शेवटी त्यानंच दोन बोटांत तो उचलला, काळाकुट्ट, आमच्या घरच्या तेलाचा वास येणारा. मी तो उन्हात धरून मोजायला बसले. गाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, टणक. कुठे जरीचा तुकडा, कुठे हिरव्याचा काळा झालेला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

पुन्हा मोजल्या. सहा. 'एक धागा और है अंदर,' पटवा म्हणाला आणि नखानं दाखवलं. 'लपेटा हुआ. गाँठ नहीं है.' तो धागा रेशमी होता, जांभळा. आईचा नव्हे. आईनं लग्नात शालू नेसलाच नव्हता, पांढरा सुती लुगरा, म्हणजे तिकडचं लुगडं, नेसून ती आली होती, लाल काठाचा. तिची गाठ नव्हतीच. पटव्यानं नवा गोंडा काढून जुना परत बसवेपर्यंत मी तिथे बसले होते, आणि हे सांगायला हवं, की आदल्या संध्याकाळपेक्षा आता मला जास्त भीती वाटत होती. तेव्हा मी आपल्या चुकीला घाबरत होते. आता मी आईसाठी घाबरत होते.

घरी गेले तर ती नैवेद्याच्या कथलीसाठी डाळ निवडत होती. मी सगळं सांगून टाकलं, तुटण्यापासून सहापर्यंत. मार बसेल वाटलं. ती ताट बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसली, आजी जिला उद्देशून बोलायची त्याच भिंतीला. 'नाही बांधली नोनी,' ती म्हणाली. 'शेवटी शेवटी तिचे केस मी विंचरत होते. रोज वाटायचं आज म्हणेल, धागा आण. म्हणालीच नाही. दुखण्यात तो आलमारीत ठेवू देईना, गळ्यातच ठेवायची. गेली, तेव्हा अंघोळ घालताना मीच काढला तिच्या गळ्यातून. तुझ्या बाबांनी विचारलं, आईनं दिला? मी हव म्हटलं. एवढंच. एक हव.' मग म्हणाली, 'दरवर्षी ज्येष्ठेला घालताना हात कापतो माझा. उद्या सांगून टाकते.' मी म्हटलं, 'नको! तुला चोर म्हणतील.' ती म्हणाली, 'झन रो, रडू नको. म्हणू दे.' पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

जेवणाच्या दिवशी ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिची पेटी उघडली, लुगऱ्याच्या पदरातून एक धागा ओढला आणि गोंड्यात सातवी गाठ मारली. शाळेच्या रिबिनीची मारतात तशी, दुसरी मला येतच नव्हती. पांढरी दिसू नये म्हणून दिव्याच्या तेलात बोट बुडवून चोळली. ज्येष्ठा समोर उभी, सगळं पाहत होती. तिच्याकडे मी पाठ केली.

दुपारी लाल दिव्याची गाडी क्वार्टरसमोर थांबली आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या भरल्या. भोपाळच्या आजी एकट्याच उतरल्या, बारीकशा, जाड भिंगांचा चष्मा. गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसल्या. फुलोऱ्याकडे पाहून 'करंज्या नीट झाल्यात' म्हणाल्या आणि हात पुढे केला. 'आण. घालायच्या आधी माझ्या हातात दे.' बाबा आरतीचं ताट धरून उभे. आईनं तन्मणी दिला. त्यांनी मोत्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डोळे मिटले आणि गोंडा दोन बोटांत धरून सरकवू लागल्या. 'उमाबाई,' त्या म्हणाल्या. 'गोदावरीबाई.' माझ्या कानात मालगाडी चालली होती. 'द्वारकाबाई, माझ्या सासूबाई. सुमती.' धाकट्या जावेचं नाव त्यांनी तोंडात कडू आल्यासारखं घेतलं. मग बोटं सातव्या गाठीवर आली आणि थांबली.

'हे सुती आहे,' त्या म्हणाल्या.

'माझ्या लुगऱ्याचं...' आई चक्रावून म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ती खाली बसली, काकूंच्या पायांशी. 'मोठ्या काकू, माझी गाठ नाही. सासूबाईंनी मला दिलाच नाही. मी घेतला. मी खोटं बोलले.' बाबांच्या हातातलं ताट वाजलं. मी किंचाळले, 'मी बांधली ती! तिला माहीतसुद्धा नव्हतं!' बाहेर ड्रायव्हर कोणालातरी गाडीला हात लावू नको म्हणून दटावत होता, ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

म्हातारीनं डोळे उघडलेच नव्हते. तिची बोटं अजून चालूच होती, गोंड्याच्या घड्यांमधून, काहीतरी शोधत. नखाला धागा लागला, तो तिनं ओढून वर काढला. 'पोरी, इकडे ये. रंग सांग. मोतीबिंदू झालाय मला.' मी सांगितलं, 'जांभळा.' ती बराच वेळ तो अंगठ्यानं चोळत बसली. 'माझ्या शालूचा,' ती म्हणाली. 'भोपाळला निघाले तेव्हा सासूबाईंनी मागून घेतला. म्हणाल्या, बांधते. पत्रात विचारलं तर उत्तर नाही. जन्मभर वाटलं, फेकला असेल. तन्मणी काय करायचाय मला? माझी सून पुण्याची, बँकेत टाकून विसरून जाईल. मला एवढंच पाहायचं होतं, आहे का म्हणून.' मग नाक ओढलं आणि एकदम रागावल्यासारखी म्हणाली, 'बांधलाही नाही, फेकलाही नाही! अशी बाई होती ती!'

तिनं गोंडा माझ्यापुढे धरला. 'तुझी गाठ सैल आहे. घट्ट कर. आणि ह्या माझ्या जांभळ्या धाग्याची पण बांध.' मी म्हटलं, 'मी? मी तर लेक आहे.' 'मग कोण बांधणार? जिला गाठ आहे ती सासू उरली नाही, आणि मी उरले तर मला गाठ नाही. बांध म्हणते ना!' तिनं माझे हात आपल्या हातात धरले आणि गोंड्यावर ठेवले. दोन्ही गाठी मी ओढल्या, दातांनी, पटव्यासारख्या. आज तन्मणी माझ्याकडे आहे. लेक असून तो मिळालेली पहिलीच मी. पटव्याकडे नेला की त्या दोन गाठी अजून वेगळ्या ओळखू येतात, रिबिनीच्या.

'ऊठ,' ती आईला म्हणाली. 'घाल ज्येष्ठेच्या गळ्यात. नावं घे. आणि माझं सुमतीच्या आधी घे, मी थोरली आहे.' आई उठली. तिचा हात त्या दिवशी कापला की नाही, मला दिसलं नाही, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं. उमाबाई, गोदावरीबाई, सगुणाबाई, यशोदाबाई, द्वारकाबाई, कमलाबाई, सुमतीबाई. आणि ती थांबली, दरवर्षीसारखी.

'पुढे?' म्हातारी म्हणाली.

बाबांनी सांगितलं, 'सुनंदा.' आईनं मान हलवली. तिनं पदर डोक्यावर घेतला, ज्येष्ठेकडे पाहिलं आणि तिच्या आईनं ठेवलेलं नाव घेतलं, जे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

'सुकवारो,' ती म्हणाली.